क्रमांक चौदा

पदोन्नतीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस,
आणि उदगिरात लाईट दोनदा जाऊन आलेली.
मॅडम टाइप करतात, मी आकडे वाचतो.
एकूण शोधनिबंध एकतीस.
एकूण उल्लेख चारशे सहा.
एच-इंडेक्स नऊ.
"नऊ म्हणजे?"
"म्हणजे नऊ निबंध असे, की प्रत्येकाचा
कुणी ना कुणी निदान नऊदा हवाला दिलाय."
म्हणजे नऊ घरं, आणि प्रत्येकाचं दार नऊदा वाजलं.
"तसंच धर," म्हणाल्या, "पुढचा वाच."

मी सिद्राम, प्रयोगशाळा परिचर.
एकतीसपैकी सव्वीस निबंधांत मी आहे.
'रक्ताचे नमुने मानेच्या शिरेतून घेण्यात आले',
या वाक्यात शेळी धरून जो उभा आहे, तो मी.
याला कर्मणी प्रयोग म्हणतात.
देवर्जनच्या शाळेत गुरुजींनी छडी घेऊन शिकवला होता,
कशाला लागतो ते तेव्हा कळलं नव्हतं.

सगळ्यात जास्त हवाले एकाच तक्त्याला, एकशे अठ्ठ्याऐंशी.
तो तक्ता ठरवून केलेला नाही.
मे महिना, फ्रीज अकरा तास बंद,
सीरम तापलं होतं. मी मोरीत ओतायला निघालो
तर मॅडम म्हणाल्या, थांब, मोजून तर बघू.
तेव्हापासून ब्राझीलहून, तुर्कस्तानातून लोक लिहितात
की इतक्या उन्हात प्रतिपिंडं इतकी टिकतात,
बिरादार व इतर.
उदगिरचं ऊन असं परदेशी गेलं.
'व इतर'मध्ये मी नाही, तिथं विभागप्रमुख आहेत.
ते त्या दिवशी रजेवर होते.

कुणी 'बिरादार'चं 'बिरदर' छापलंय.
ते सात हवाले मशीन मोजत नाही.
मॅडमनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत,
वाण्याकडं राहिलेल्या सुट्ट्या पैशांसारखे.

तेरा झाला. मी पंधरा वाचला.
"चौदा राहिला," त्या म्हणाल्या.

चौदा म्हणजे तोंडारच्या सोजरबाई गुंडरेची करडं.
बावीस. लस आम्ही लवकर टोचली.
आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं
अजून रक्तात पहाऱ्यावर होती,
त्यांनी आमची लस चोर समजून दारातच मारली.
आई फार जपते, म्हणून लेकरू शिकत नाही,
गाडीत येताना मॅडम बोलल्या होत्या.
छापताना त्याचं 'अंशतः निष्प्रभता' झालं.
पाऊस सरता सरता साथ आली.
सहा वाचली.
सोजरबाई भांडली नाही.
"मोजलाव न्हवं? मग नीट लिवा," म्हणाली,
आणि आम्हाला चहा केला, शेळीच्याच दुधाचा.
मॅडमनी तो संपवला. मला जमलं नाही.

परवा लसीकरणाला तोंडारला गेलो होतो.
गोठ्यांच्या भिंतींवर कोळशाच्या रेघा.
करडू जन्मलं की रोज एक,
एकशेवीस भरल्याशिवाय सुईला जवळ येऊ देत नाहीत.
आता हे भाकसखेड्यातही करतात म्हणे.
बिरादार व इतर असं कुणी म्हणत नाही.
'रेघा भरल्या का?' एवढंच एकमेकींना विचारतात.
सोजरबाईच्या सुनेला तर वाटतं,
ही रीत तिच्या माहेराहून आली.

"चौदाला काय लिहू?" मॅडमचं बोट कळीवर.
मी म्हटलं, भिंती धरता येतात का बघा की.
त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसला,
आधीच स्वच्छ होता.
"शून्य," म्हणाल्या. "आहे ते लिहायचं."
आणि शून्य उमटायच्या आत तिसऱ्यांदा लाईट गेली.

"सेव्ह केलं होतं?"
उत्तर आलं नाही.
अंधारात मागच्या शेडमधून एक शेळी खोकली.
आम्ही दोघंही गप्प बसलो, सवयीनं,
मोजत.
एक.
दोन.