तारतम्य नाही

सातवीच्या प्रगतिपुस्तकात, शेऱ्याच्या चौकटीत
मंगळवेढेकरबाईंनी लिहिलं:
हुशार आहे. तारतम्य नाही.
खाली पालकांच्या सहीला रिकामी रेघ.

कारण तपासणीला आलेल्या साहेबांना
मी वर्गादेखत सांगितलं होतं,
सर, तुमचं फळ्यावरचं गणित चुकलंय.
चुकलं होतंच.

साखर पेठेतून सायकल दामटत
मी नान्नांच्या कारखान्यात गेलो.
एप्रिल. डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
आत चोवीस माग एकदम बोलत होते;
तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही, ओठ वाचतात.
नान्ना जॉबर. इस्तारी येमूल.
मराठी चौथीपर्यंत, तेलुगू घरची,
कानडी उधारीपुरती.

"काय नाही म्हणते बाई?"
"तारतम्य."
त्यांना पहिलंच अक्षर पोचलं.
"तार नाही कशी? बीमवर चोवीसशे हायेत."

तेवढ्यात सात नंबरवर तार तुटली.
माग थांबवला, गाठ मारली, दांडा ओढला.
मग अकरा नंबरवर, काठाची.
तिच्याकडे नुसतं पाहिलं
आणि चालू दिलं.
धोटा फुलाच्या मधोमध होता.
तिथे थांबलं की आडवा पट्टा उमटतो,
आणि तुटल्या तारेपेक्षा
थांबल्याची खूण वाईट दिसते.

घडीखात्यात हुसेनीचाचांच्या सहा चादरी
शेटना दाखवायला वेगळ्या काढलेल्या.
चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता,
हे शेट सोडून सगळ्यांना ठाऊक.
नान्नांनी तीन सेकंडमध्ये टाकल्या,
दोन सुईने बसून नीट केल्या,
एक तशीच पहिल्या नंबरात सरकवली:
"ही आपणच घेतली असती की अंगावर."
सोमवारपासून चाचा
दाराजवळच्या टॉवेलच्या मागावर.
तिथे उजेड येतो, फुलंपानं नसतात.
शेटना सांगितलं, जकार्ड बिघडलंय.
चाचांनाही तेच सांगितलं.

मी म्हटलं, हे खोटं नाही का?
नान्ना म्हणाले, हाये की.

पुढे कॉलेजात कोश उघडला.
तर आणि तम. लघुतर, लघुतम.
दोघांत जास्त कुठलं, सगळ्यांत जास्त कुठलं,
त्यातला फरक ओळखणं.
तारेचा कुठे पत्ताच नव्हता.
मी तरीही ते पान पुन्हा वाचलं.

गंमत अशी, की हा शब्द
कुणाकडे असल्याचं कुणी सांगत नाही.
"फार तारतम्य आहे हो पोरात",
ऐकलंय कधी?
नसलं की नाव निघतं,
आमटीतल्या मिठासारखं.
आणि क्रियापद बघा: बाळगणे.
भीती बाळगतात, हत्यार बाळगतात.
म्हणजे रोज अंगावर वागवायचं,
कामी येवो न येवो,
आणि आलं तरी म्यानातनं किती काढायचं
हे पुन्हा त्यालाच विचारायचं.

त्या दिवशी नान्नांनी तेलाचे हात पुसून
रेघेवर तेलुगूत काहीतरी गोल गोल लिहिलं.
बाईंनी सही समजून शिक्का मारला.

परवा ते पुस्तक सापडलं,
आईच्या विड्यांच्या सुपाखाली,
कडांना तंबाखूचा वास.
मला आता ती अक्षरं लागतात.
सही नव्हतीच.
चूस्ताम्, असं लिहिलं होतं.

बघू.