डेलिका, सत्त्याण्णवची

रुस्तावीच्या बाजारात विकणारा म्हणाला,
एकाच हातची गाडी. जपानी डॉक्टर, म्हातारा,
रविवारी तेवढी बाहेर काढायचा.
मी मान हलवली, नोटा मोजून दिल्या.
दोन गाई होत्या त्या नोटांत,
तांबडी आणि बांडी.

आता मेस्तियात, जोकोलाच्या खड्ड्यावर
गाडी उभी आहे आणि तो खाली उताणा.
दिसतात फक्त बूट.
"एतेरी, बॅटरी धर. डावीकडे.
माझ्या डोळ्यात नको, बाई, गाडीच्या पोटात."

मीटर म्हणतो एक लाख अकरा हजार.
ब्रेकच्या पॅडलचं रबर मात्र
चर्चच्या उंबऱ्यासारखं मधोमध झिजलेलं.
मघाशी त्याने त्यावरून अंगठा फिरवला होता.
"तीन लाखांच्या आत नाही."

पुढच्या डिफरन्शियलचा बोल्ट सुटतो.
तेल यावं मधासारखं, सावकाश.
येतं ते ताक.
"पाणी प्यायलीय. तुझ्या डॉक्टरने
नदीत घातलीय हिला. आणि एकदाच नाही."
बोल्टच्या टोकाला चुंबक, चुंबकाला करडी लव.
ती तो चिमटीत चोळतो, डोळे मिटून.
काही टोचत नाही.
"दात शाबूत आहेत."

मागचा शाफ्ट धरून हलवतो: खट्.
पुन्हा: खट्.
तो आवाज मला माझ्या गुडघ्यातला वाटतो.
क्रॉस बदलायचा. बेल्ट बदलायचा,
कधी बदलला ते देवालाही आठवणार नाही.
ग्रीसच्या पाच निपलांपैकी दोन चिखलाने बुजलेले,
ते तो खिळ्याने कोरतो; पंप मारला की
आधी कोरडी माती, मग काळं काहीतरी,
आणि खूप वेळाने, पिवळं, नवं.

मी तोवर आतून झाडून घेते.
मॅटखाली वाळू. एक शिंपला, नखाएवढा.
दाराच्या कडेला चिकटवलेला कागद,
त्यावर न कळणारी अक्षरं आणि तारखा,
एकाखाली एक, सात तेलबदलांच्या,
इतक्या नेटक्या की वाटलं,
डॉक्टर असेलही.

मग खालून आवाज येईना.
बराच वेळ.
"इथे जोड आहे," जोकोला म्हणाला.
चॅसिसच्या आडव्या पट्टीवर, रंगाखाली,
वेल्डिंगची जाड शिवण.
"धरेल?"
त्याने हातोडी मारली. कान लावला. पुन्हा मारली.
"ज्याने जोडलंय त्याला काम येत होतं.
पण तुला सांगायला हवं होतं."

मी अंगणात गेले, रुस्तावीचा नंबर लावला.
तोंडात शिव्या तयार, आमच्या स्वान बोलीतल्या,
ज्या खाली मैदानात कुणाला कळत नाहीत.
घंटी वाजत होती. आणि मला दिसला
झुगदिदीचा तो हडकुळा माणूस, कासेपाशी वाकलेला.
तीन सड पिळले त्याने. चौथा पिळला नाही.
बांडीचा चौथा सड दोन वर्षं कोरडा आहे.
त्याने विचारलं नाही.
मी म्हणाले होते, लेकीसारखी आहे हो घरात.

पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणालं.
मी फोन ठेवला.

तीन दिवस, आणि अडीच गाईंचं बिल होईल
असं वाटलं होतं, वासरावर भागलं.
"हजार किलोमीटरनंतर पुढचं तेल उघडून बघ,"
जोकोला हात पुसत म्हणाला. "पुन्हा ताक दिसलं
तर सील गेलं. तोवर पर्यटकांना उश्गुलीला ने,
पण नदी पुलावरूनच ओलांड."
चर्चमागच्या चढावर मी छोटा गिअर टाकला.
गाडी कुरकुरली, जरा अडली,
आणि मग चारी पायांनी चढली.

ठेवायला दुसरी जागा नव्हती. गोठ्यात लावली.
पहाटे सवयीने जाग आली, कंदील घेऊन गेले,
सवयीनेच खाली वाकले,
कास असायची तिथे हात गेला.
दगडावर एकच थेंब पडला होता.
बोटावर घेऊन उजेडात धरला.
घट्ट होता.
सावकाश ओघळला.