डावा पाना

फ्राय बेंतोसला, नदीकाठी,
मांसाचा कारखाना बंद पडला तेव्हा
लोकांनी खिडक्या नेल्या, पत्रे नेले,
कुणी साहेबाच्या बंगल्यातला टब नेला.
विल्मारने आकडे नेले.
बैल टांगायचे, पोलादी, अंगठ्याएवढे जाड.
दोन आकडे, मधे आटे पाडलेला गज:
झाला पुलर.
एकोणतीस सालच्या फोर्डचा मागचा ड्रम
त्यानेच सुटतो,
आधी नुसती कुरकुर, मग एकदम ठाक्,
आणि गल्लीतली कुत्री उठून बसतात.

विकत आणलेलं फारसं काही नव्हतंच.
व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायला खाटेची पट्टी.
गॅस्केटला भोकं पाडायला
धार लावलेलं रिकामं काडतूस.
इंजिनातली खडखड ऐकायला
डॉक्टरीणबाईंनी टाकून दिलेला स्टेथोस्कोप,
चकतीच्या जागी सायकलची तार.
पिस्टनच्या रिंगा आवळायला
खिम्याच्या डब्याचा पत्रा,
त्यावर अजून अर्धा बैल छापलेला.

"सुटा भाग येईस्तोवर माणूस मरतो, एलबिओ,
हत्यार दुपारपर्यंत होतं."
असं म्हणून तो मातेचा घोट घ्यायचा
आणि दुपारची संध्याकाळ करायचा.

भिंतीवर फळी.
प्रत्येक हत्याराभोवती लाल रंगाची रेघ,
म्हणजे उचललं तरी त्याची सावली जागेवर राहते.
रिकामी सावली दिसली
की तो माझ्या खिशांकडे बघायचा.
अकरा वर्षं.

फळीच्या शेवटी एक पाना होता,
अर्ध्या इंचाचा, तापवून दोनदा वाकवलेला,
मुठीला ट्यूबचं रबर गुंडाळलेलं,
आणि रबराखाली एक टेंगूळ, नको तिथे.
मॅनिफोल्डमागच्या त्या एका नटासाठी.
तिथे फक्त डावा हात पोचतो, तोही न बघता.
माझ्या हातात तो पाना दर वेळी फिरायचा,
बोटांची सालं निघायची.
मी मनात म्हणायचो,
म्हाताऱ्याचं एवढं एक काम बिघडलं.
घेतली असेल त्या दिवशी जरा जास्त.

ऑगस्टच्या थंडीत तो गेला.
नेलिदा म्हणाली, फळी तू ने,
मला भिंतीला रंग द्यायचाय.

ऑक्टोबरात मास्तरीणबाईंची फोर्ड आली,
धुरासकट.
तोच नट.
पाठीखाली गोणपाट, तोंडावर गंज,
तिसावी खेप की एकतिसावी,
करंगळीला इतकी कळ लागली होती
की मी ती मिटून घेतली,
शेजारचं बोटही.
आणि टेंगूळ
तळहाताच्या खळग्यात जाऊन बसलं,
जसं कुत्रं आपल्या पोत्यावर बसतं.
नट फिरला.

एकोणिसाव्या वर्षी, कारखान्याच्या करवतीवर,
विल्मारची डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.
हे मला ठाऊक होतं.
अकरा वर्षं मी त्या हाताकडून पाने घेतले,
त्याला पाने दिले,
पगार घेतला.
मला वाटायचं, पाना नटासाठी वाकवलाय.

गाडीखाली बराच वेळ तसाच पडून राहिलो.
बाईंनी वाकून विचारलं, लागलं का?
म्हटलं, नाही, तेल डोळ्यात गेलं.
तेल वर होतं, खोटं नव्हतं.

रात्री टॉर्च पेटवून
मी एक दुसरा पाना लाल केला,
माझ्या पाच बोटांना धरून वाकवला.
वाईट झालाय.
एक बाक जास्त पडला, पुन्हा तापवावा लागेल.
त्याच्या पान्याशेजारी खिळा ठोकलाय,
रेघ अजून ओढली नाही.

बाईंची गाडी नदीपर्यंत जाऊन येते.
तीन सिलिंडर चालतात,
चौथा विचार करतो.