परत द्यायच्या वस्तू

नॅशव्हिलच्या कडेला, बंद पडलेल्या गादी-कारखान्यात
आमचा स्टुडिओ. कपडेपट माझा.
त्या मोसमात बारा जण आले.
बारा हँगर, बारा चिकटपट्ट्या,
नावं माझ्या अक्षरात.

पहिल्याच दिवशी वरून सांगणं आलं:
टोप्या फार नव्या दिसतात, मेव्हिस,
जरा आयुष्य काढल्यासारख्या कर.
मग बसले सँडपेपर घेऊन.
कडा घासल्या, चहाचं पाणी शिंपडलं,
गुडघ्याखाली दाबून एकेकीचे
चाळीस उन्हाळे एका दुपारीत उरकले.

क्लेबर्न टॅकेट लेचर काउंटीचा.
तिथली खाण त्याच्या जन्माआधीच मिटलेली.
पायात बापाचे बूट,
टाचा एका अंगाने झिजलेल्या,
कारण बाप उजवीकडे रेलून चालायचा,
आणि पोरगाही तसाच चालायचा, धडधाकट असून.
वरून सांगणं आलं: हे कॅमेऱ्यात मळके दिसतात.
मी नवा जोडा दिला.
देण्याआधी तोही घासून जुना केला.
त्याने विचारलं, बाई, माझे काय वाईट होते?
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
अशा वेळी बहुधा असतातच.

कोण जाणार ते देश रात्री ठरवतो,
मला दुपारीच कळतं.
ज्याची कंबर दोन टाके आत घ्यावी लागते तो,
जी बाहीचं एकच बटण तीनदा चाचपते ती.
मरिसोल गेली, झालर अर्धी शिवलेली.
ड्वेन बेगेला म्हणाले, हा पट्टा काढ, मोठा घाल.
मामाचा आहे, तो म्हणाला. शांतपणे. दोनदा.
चौथ्या आठवड्यात गेला,
पट्टा कमरेला तसाच.

नव्याचे नऊ दिवस.
क्लेबर्नचे नऊ आठवडे झाले.
जोडा चावायचा, मी टाचांना पट्ट्या लावायचे,
आणि तो दर खेपेला थोडा अधिक सरळ चालायचा.
परीक्षक म्हणाले, बघा, आत्मविश्वास!
आवाजही सरळ झाला त्याचा.
आधी तो सुरावर खालून यायचा,
काळोखात पायरी चाचपत यावं तसा,
आणि पायरी सापडली की आपल्यालाच हायसं वाटायचं.
आता थेट वरच पाय.
टाळ्या वाढल्या.
पडद्यामागे मी सुईत दोरा ओवत होते,
ओवला जात नव्हता. चष्मा बदलायला झाला असेल.

दहाव्या रात्री सोनेरी कागद पडले
ते ओपल रे सिझमोरच्या खांद्यांवर.
चांगली गाते ती. तिच्याबद्दल काही म्हणणं नाही.
तासाभराने क्लेबर्न माझ्या दारात, हातात यादी:
टोपी एक, जाकिटं दोन, बूट एक जोड.
इथे सही कर, मी म्हटलं.
त्याने बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर.

त्याचे स्वतःचे कुठे सरकले होते कोण जाणे.
खालच्या खणात नाहीत, इस्त्रीच्या टेबलामागे नाहीत.
मी वाकून हेअरस्प्रेची खोकी हलवत होते,
तो थंड फरशीवर उभा,
आणि उगाच, वेळ जावा म्हणून,
गुणगुणायला लागला.
शब्द नव्हते. चालही धड नव्हती.
पण सूर खालून आला,
चाचपत,
एक पायरी हुकला, थांबला, पुन्हा आला.

बूट मला केव्हाच सापडले होते.
हाताखालीच होते, टाच बोटांना लागत होती,
एका अंगाने झिजलेली.
मी आणखी थोडा वेळ
शोधत राहिले.