पाझर तलाव, क्रमांक पुसलेला

कोयनेला जा म्हणतात सगळे.
एवढं पाणी, एवढाले मासे,
आणि तुम्ही कंडक्टरसाहेब, डबक्यावर काय बसता?

मी डबकंच निवडतो.
मोठ्या पाण्यात मासा कुठं आहे ते माशालाच ठाऊक.
छोट्यात मलाही थोडं कळतं.

अठरा वर्षं विटा–आटपाडी केली.
तिकिटं फाडता फाडता उजव्या खिडकीतून तलाव पाहिले :
भिवघाटाच्या अलीकडं एक, पुढं दोन,
आणि एक असा, की गाडी लेट असली,
उन्हं कलली, तरच चमकून दिसायचा.
वेबिलाच्या मागं मी पेन्सिलीनं लिहायचो –
‘बाभळी पाण्यात. म्हशी उत्तरेला. बगळे सात.’
हिशेबनीस विचारायचा,
हे सात कुठल्या टप्प्यात बसवू?

बगळे आहेत म्हणजे बारीक मासळी आहे.
बारीक मासळी आहे म्हणजे खाली कुठंतरी
बुडालेल्या काट्यांत
मरळ आहे, गप.
पाणी अगदी नितळ असेल तर पुढं चला,
तिथं तुम्हीच आधी दिसता.
सोसायटीचा ठेका, जाळी, राखणदाराची मोटारसायकल
असेल तरीही चला.
जिथं भूमिपूजनाचा दगड आडवा पडलाय,
त्याच दगडावर बायका नवरात्राआधी गोधड्या आपटतात,
तो तलाव बहुतेक माझा.
माझा म्हणजे, कुणाचाही.

हे सगळं मला दस्तगीर शिकलगारानं शिकवलं.
पलूसचा. सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरायचा.
त्याच्या चाकाचं मी सामानाचं तिकीट फाडायचो,
तो बदल्यात एकेक तलाव सांगायचा.
पुढं मोतीबिंदूनं त्याची नजर गेली,
तेव्हा मी खिडकीतून बघायचो
आणि तो पुढच्या सीटवरून विचारायचा,
‘वाऱ्याची लाट कुठल्या कडंला लागतीय?’

त्या आषाढात पाऊस नव्हता, पण टेंभूचं पाणी आलं.
तलाव काठापर्यंत भरला
आणि माझ्या सगळ्या नोंदी बुडाल्या.
कुठली बाभळ, कुठला खड्डा, काही लागेना.
आम्ही सुट्टी टाकून बसलो होतो,
म्हणजे मी टाकली होती, त्याला रोजच सुट्टी.
मी म्हटलं, पाण्यावर लाल काहीतरी आहे,
चटणी सांडल्यासारखं. हलतंय.
तो म्हणाला, ‘पिल्लं हायत. गळ काढ.’

गळ पडला होता.
अगदी मधोमध, बेडूक अजून पाय मारत होता.
खरं सांगायचं तर
त्यानं सांगितल्यावरही मी थोडा थांबलो.

काठी वाकली.
दीड किलोची असेल, काळी, चिखलाच्या रंगाची.
भुकेनं नव्हतं घेतलं तिनं ते.
दस्तगीरनं हात पुढं केला, चाचपत,
तिच्या डोक्यावरून अंगठा फिरवला,
कात्रीची धार बघतात तसा.
गळ त्यानंच काढला. न बघता, माझ्याहून लवकर.
‘खाली ठेव नुसती. जाईल चालत.’

ती गेली.
पोटावर, वळवळत, ओल्या मुरुमातून तीन हात,
आणि पाण्यात शिरताना आवाजसुद्धा केला नाही.
चटणी पुन्हा एका जागी गोळा झाली.
आम्ही भाकरी खाल्ली. चारची गाडी चुकली.
खानापूरपर्यंत चालत आलो,
त्याचा हात माझ्या खांद्यावर,
आणि सबंध रस्ताभर तो
वाकड्या कात्र्यांबद्दल बोलत राहिला.

आता रिटायर झालो. पोरं येतात,
मोबाइलवर नकाशा पुढं करतात :
काका, तो कुठला? बोट ठेवा.
मी सांगतो, खिडकीत बसा. उजव्या. बगळे मोजा.
ते म्हणतात, गेलो होतो आम्ही, तिथं पाटी आहे,
लघुपाटबंधारेची, पण नंबरच नाही तिच्यावर,
गंजलाय बहुतेक.

असेल. गंजला असेल.
गंजलेल्या पत्र्यावरून कानस फिरवायला
आंधळ्या माणसालाही
दोन मिनिटं पुरतात.