वाळूचा रकाना

डुंगाच्या किनाऱ्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये
मी अपोंडीचे हिशेब लिहायचो.
जमेचं पान कोरं,
खर्चाला पानं पुरेनात.

यंत्र मात्र देखणं होतं.
उन्हावर चालणारं; पंखा, काच, तापमानाचा लाल आकडा.
ओमेना, ती बोटभर चंदेरी मासळी,
सहा तासांत खडखडीत वाळायची.
नैरोबीत बक्षीस मिळालं होतं.
बक्षिसाचा तो पुठ्ठ्याचा भलामोठा चेक
शेड गळायला लागल्यावर कामी आला.

पहिल्या वर्षी फलक लावले,
रेडिओवर बोललो, एका गायकाला टोपी घातली.
अकरा यंत्रं खपली. नऊ परत आली.
दहावं चोरीला गेलं.
"तेवढीच काय ती खरी मागणी,"
अपोंडी म्हणाली, आणि हसली नाही.

अकरावं म्हातारीकडे होतं. न्यागुडीकडे.
पंखा नातवाच्या हातात,
काचेच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसलेली,
आणि आतल्या जाळ्या उपसून
चार दगडांवर मांडलेल्या.
त्यांच्यावर मासळी. उघड्यावर, फुकटच्या उन्हात.

मला वाटलं, आता जुंपणार.
अपोंडीनं चपला काढल्या आणि वाळूत बसली.
तीन दिवस बसली.
काळोख पडला की होड्या दिवे घेऊन निघायच्या,
पाण्यावर दुसरं गाव वसायचं,
पहाटे मासळी उतरायची, बाया भावावरून भांडायच्या,
आणि ही एवढंच विचारायची:
मग? मग काय करता?

तिसऱ्या दिवशी न्यागुडीनं दोन मुठी पुढे केल्या.
"खा."
पहिली वाळूवर सुकवलेली. कचकच.
दुसरी जाळीवरची. नुसती मासळी.
"तुझा लाल आकडा गिऱ्हाइकाला दिसत नाही, पोरी.
त्याच्या दाताला कळतं."

त्या रात्री आम्ही यंत्र उकललं.
एकेक भाग काढत गेलो,
उरली जाळी, चौकट, चार पाय.
"अगं, हे तर टेबल आहे!" ओगुटू इंजिनियर रुसला.
टेबलच होतं.

मी वहीत नवा रकाना आखला: वाळू.
त्यात आकडा नाही. लोक बोलले ते, जसंच्या तसं.
'दाताखाली येत नाही.'
'पाऊस आला की दोघी उचलून आत नेतो.'
'नवऱ्यानं विचारलं, आज कुठून आणलीस?'
बाजाराच्या दिवशी दोन वाट्या मांडायच्या, चाखा म्हणायचं,
आणि हे शेवटचं वाक्य सांगायचं.
गायकाच्या टोपीची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

मग पैसेवाले आले.
सहा महिन्यांत चाळीस किनारे, म्हणाले.
अपोंडी हुरळली. खोटं कशाला बोलू,
मीही नव्या वह्यांचा भाव काढून आलो.
सतरा किनारे केले. सुतार एकच होता.
खिळे स्वस्तातले आले,
आणि उसेंगेला एका बाईची मासळी
चौकटीसकट पाण्यात गेली.
तिनं शिव्या दिल्या नाहीत.
तिनं शेजारणीला सांगितलं.
आमची सगळ्यात वेगानं पसरलेली जाहिरात तीच.

अपोंडी बसनं गेली. पदरात मासळीचे पैसे,
पिशवीत जाड खिळे. पुन्हा वाळूत बसली.
परत आली ती बारा किनारे बंद करायला.
त्या महिन्यात माझा पगार अर्धा झाला,
आणि पहिल्यांदाच जमेचं पान
खर्चाच्या पुढे बोटभर सरकलं.

ओगुटू अजून न्यागुडीच्या पेटीपाशी घुटमळतो.
एकवीस अंडी होती, एकोणीस पिल्लं निघाली.
काल हळूच जवळ येऊन विचारत होता,
वहीत अजून एखादा रकाना
बसेल का?