उणा महिना

कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या टपरीला खेटून
माझं टेबल.
चौदा वर्षं मी इथं करारनामे टाइप करते.
लिहून घेणार. लिहून देणार.
नावांची जागा कोरी सोडायची, ती नंतर भरायची.
मजकूर ठरलेला: एक खोली, एक स्वयंपाकघर, संडास सामाईक,
मुदत अकरा महिने.

नवी पोरं विचारतात, बारा का नाहीत?
कुंभोजकर वकील पानाची पिंक टाकून सांगतात,
वर्ष भरलं की भाडेकरू मूळ धरतो.

पंचांगात तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो,
जावयाला धोंडे, ताटाखाली चांदीचं निरांजन.
आमच्या कागदात दरसाल एक महिना उणा.
त्या महिन्यात माणसानं भांडी कुठं मांडायची
हे कुठल्याच कलमात नाही.

आणि भाडं? सांगलीत ते कृष्णा ठरवते.
आयर्विन पुलावर पाण्याचे फूट मोजतात,
एजंट शशिकांत तेच फूट वहीत उतरवून घेतो.
गावभागात पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला लागलेलं,
तिथं साडेतीन हजार.
विश्रामबागेकडं एकोणीसला उंबरा कोरडा राहिला,
एकवीसलाही.
"पाणी चढत नाही हितं, ताई. अडीच हजार त्याचेच."
न आलेल्या पाण्याचं भाडं
आम्ही पाच वर्षं भरतोय.
सहा. साडेसात. आता नऊ म्हणतात.

नवरा मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतो.
दारातनं आत येताना मी ओरडते,
भिंतीला हात लावू नका,
रंगाचे पैसे डिपॉझिटमधनं जातात.

गेल्या आठवड्यात इंदुमती शेटे आल्या, काठी टेकत.
गणपती पेठेत त्यांच्या सासऱ्यांनी अडुसष्ट साली
एक गाळा दिलेला, महिना अडतीस रुपयांनी.
तिथं आता त्या भाडेकरूचा नातू मोबाईलची कव्हरं विकतो.
भाडं अजून अडतीस, तेही मनीऑर्डरनं.
"पोस्टमनला चहा पाजला की त्यातले पंधरा गेले," म्हणाल्या.
माळवदाला गळती आहे, तिची दुरुस्ती दीड लाख.
"कायदा गरिबांसाठी म्हणतेस ना?
मग मी कोण, ते तेवढं टाइप कर."

मी त्यांचा अर्ज टाइप केला.
त्याच दुपारी भाडेकरूंची पोरं निवेदन घेऊन आली,
भाडी बांधून द्या, मनाला येईल तशी वाढ नको.
ते पण केलं.
संध्याकाळी मालकांचं आलं:
भाडी बांधाल तर आम्ही खोल्यांना कुलपं घालू.
तेही केलं.
खोटं कुणाचंच वाटलं नाही, हीच पंचाईत.
तिन्ही कागद एकाच ट्रेमधनं निघाले, गरमगरम,
पानाला पंधरा रुपये.
गेल्या वर्षी दहा होते.
का वाढवले, मला कुणी विचारलं नाही.

आज मगदूम आण्णा आले. आमचे मालक.
खुर्ची ओढून बसले, घाम पुसला.
"तुझ्याकडनंच करून घ्यावं म्हटलं,
तुझ्या टायपात चुका नसतात."
आणि सांगत गेले:
खोली नंबर तीन, मुदत संपल्याने,
मालकास स्वतःच्या वापरासाठी गरज असल्याने,
तीस दिवसांचे आत.
स्वतःचा वापर म्हणजे कोल्हापूरची कुठली बँक,
साहेबासाठी बारा हजार देणारी.
तेही त्यांनीच सांगितलं, कौतुकानं,
जसं मुलीला आलेलं स्थळ सांगावं.

माझी बोटं थांबली नाहीत.
'भोगवटा'चा ट जोडाक्षरात अडकला, तो सोडवला.
प्रिंट काढली.
आण्णांनी चष्मा वर करून वाचलं,
पुन्हा खालून वर वाचलं.
"नाव ऱ्हायलं की गं."

सवयीनं जागा कोरी सोडलेली.
भरली.
सौ. विमल बाळासो कोळेकर, व्यवसाय टंकलेखन.

त्यांनी वीसची नोट दिली.
ड्रॉवरमध्ये सुट्टे शोधत राहिले मी,
पाच रुपये परत द्यायचे होते.